चारची बॅच

१

शांभवीला वाटलं होतं, घरात आपली एक रिकामी जागा असेल.

सहा वर्षं परदेशात काढलेल्या माणसाला असं वाटणं साहजिकच होतं. एस्टोनियातल्या तार्तू गावी ती संगणकशास्त्र शिकली, दोन पदव्या घेतल्या, तिथली चांगली नोकरी सोडली आणि तंजावरला परत यायला निघाली. विमानात तिनं मनाशी चित्र रंगवलं होतं. अप्पा दारात उभे असतील, वाळलेले, एकटे. पश्चिम वीथीच्या मागच्या गल्लीतलं, घराच्या माडीवरचं विजया टाइपरायटिंग इन्स्टिट्यूट धुळीनं भरलेलं असेल. आई गेल्यापासूनची दोन वर्षं घरात नुसती खिंडार पडल्यासारखी असतील. आपण जाऊ आणि ते खिंडार बुजवू.

प्रत्यक्षात रिक्षा थांबली तेव्हा दारात तांदळाच्या पिठाचं ताजं कोलम रेखलेलं होतं. माडीवरून टाइपरायटरांची टपटप येत होती. अप्पा, म्हणजे वरुणराव, ओसरीवर पेपर वाचत बसले होते. गालांवर चांगलं मांस होतं. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"आलीस? दूध आणलेंस कीं?"

जणू तिला त्यांनी दहा मिनिटांपूर्वी कोपऱ्यावर पाठवलं होतं.

शांभवी हसली. दोन जड बॅगा तिच्या दोन्ही हातांत होत्या. "अप्पा, मी तार्तूहून येत्यें!"

अप्पांनी बॅगांकडे पाहिलं, मग तिच्या कानापाशी कापलेल्या केसांकडे. कपाळावर एक आठी उमटली आणि विरली. "होय, होय. ये. बैस," ते म्हणाले. ते आवाजातलं अगत्य जरा जास्तच होतं.

चपला ठेवायला तिनं दारामागचं फळकूट पाहिलं. तिची जागा खालून दुसरी. तिथं एक जोड आधीच होती. साध्या रबरी चपला, तिच्याच मापाच्या, टाचेशी झिजलेल्या. कुणा विद्यार्थिनीच्या असतील. तिनं आपले बूट बाहेर पायरीवर काढले.

२

इन्स्टिट्यूट आईनं उभं केलेलं. विनुताबाईंच्या हाताखाली तंजावर, पापनाशम आणि तिरुवैयारूकडच्या किती मुली सरकारी टाइपिंग परीक्षा पास होऊन कचेऱ्यांत चिकटल्या, त्याची मोजदाद नाही. एका भिंतीला आठ रेमिंग्टन टाइपरायटर, दुसऱ्या भिंतीला सहा जुने डेस्कटॉप. तासातासाच्या बॅचा. दर बॅचला हजेरी. सुट्टी हवी तर आदल्या दिवशी रजेचा अर्ज, तोही स्वतः टाइप करून. त्यावर मॅनेजरनं 'मंजूर' लिहून सही केली तरच रजा, नाहीतर गैरहजर. आईनं हा नियम कुणासाठी वाकवला नव्हता.

आता क्लास चालवत होती धनलक्ष्मी. ती आईची जुनी विद्यार्थिनी, वय पंचेचाळीस. घरचं मूळ मराठी, पण वडिलांचं पितळी भांड्यांचं दुकान, त्यामुळे बोलण्यात बाजारातलं तमिळ जास्त. शांभवी तिला धनाक्का म्हणे.

अप्पांनी दुसऱ्याच दिवशी किल्ल्यांचा जुडगा शांभवीच्या हातात दिला. "अत्तां मॅनेजर तूं. अर्ज तुझ्याकडे येतील."

"रजेला अर्ज कशाला अप्पा? मुली काय कैदी आहेत?"

"आईचा नियम आहे तो," अप्पा म्हणाले. विषय संपला.

पण बाकी सगळं बदलायचं शांभवीनं ठरवलंच होतं. ते सहा डेस्कटॉप चालू व्हायलाच पाच-सहा मिनिटं घेत. रंगीत पडदा, त्यावर चित्रं, त्या चित्रांवर माउसचा बाण फिरवत बसलेल्या मुली. अर्धा तास त्यातच जाई. तिनं धनाक्काला समोर बसवून समजावलं. "यंत्र म्हातारं नाही, अक्का. त्याच्या अंगावर दागिनेच फार घातलेत. ते उतरवायचे. चालू केलं की काळा पडदा, पांढरी अक्षरं. चित्र नाही, माउस नाही. माणसानं आज्ञा लिहायची, यंत्रानं ती पाळायची. गरिबाचं यंत्र असंच धावतं. कुण्या कंपनीच्या तोंडाकडे पाहावं लागत नाही."

धनाक्कानं सगळं ऐकून घेतलं. "मग पडदा तरी कशास गे? पाटी-पेन्सिल आणतें की दुकानांतून."

"चेष्टा करू नकोस."

"चेष्टा नाहीं. माउस नेलास तर मुलींनी उजवा हात कोठें ठेवायचा?"

"की-बोर्डावर! आईनं काय शिकवलं?"

धनाक्का उठली. मग खिडकीजवळच्या कोपऱ्यातल्या सहाव्या यंत्राकडे न बघता म्हणाली, "पांच करून घे. सहाव्याला हात लावूं नको."

"का?"

"तसेंच. चालतें आहे तें चालूं दे."

असं कुणी म्हटलं की शांभवीचा हात आधी तिथंच जायचा. लहानपणापासूनचा स्वभाव.

३

रविवारी आईचं दुसरं वर्षश्राद्ध होतं. सगळी सकाळीच तिरुवैयारूला गेली. कावेरीला पाणी बेताचंच होतं. पिंड सोडताना अप्पा रडले नाहीत. शांभवीच रडली, आणि तिचं तिलाच ते उसनं वाटलं. आई अकरा दिवस दवाखान्यात होती तेव्हा शांभवीचा तिथं राहण्याचा परवाना नूतनीकरणाला गेला होता. देश सोडला असता तर परत शिरता आलं नसतं. फोनवर अप्पा म्हणाले होते, "येऊं नको. आम्ही सगळीं आहोंत येथें." ती आली नव्हती.

घरी परतायला संध्याकाळचे सात वाजले. इन्स्टिट्यूटला दिवसभर कुलूप होतं, आणि माडीचा मेन स्विच तिनं स्वतः खाली ओढून ठेवला होता.

सोमवारी सकाळी ती सहाव्या यंत्रापुढे बसली. काम एका ओळीचं होतं. यापुढे चालू होताना रंगीत पडद्यापर्यंत जाऊ नकोस, अक्षरांपाशीच थांब. ओळ लिहिली, यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं. काळ्या पडद्यावरून पांढऱ्या ओळी भराभर वर सरकल्या आणि तळाशी एक प्रश्न येऊन थांबला. नाव?

हा प्रश्न या यंत्रानं आजवर कुणाला विचारलाच नव्हता. रंगीत पडदा न विचारता सगळ्यांना आत घेत असे. तिनं इन्स्टिट्यूटचं नाव दिलं, आत शिरली आणि सहज पाहिलं, या यंत्रावर कुणाकुणाची खाती आहेत. तीन होती. एक इन्स्टिट्यूटचं, एक विनुता नावाचं, एक शांभवी नावाचं.

तिनं हे खातं कधी उघडलं नव्हतं. आईनं उघडलं असणार. लेक शास्त्र शिकायला गेली, तिच्या नावाचंही एक असू दे, अशा हौसेनं. बाहेर पडून तिनं पुन्हा नावाच्या जागी स्वतःचं नाव लिहिलं. पासवर्ड म्हणून जन्मतारीख दिली, अकरा जानेवारी. नाकारला.

मग बोटांनाच आठवलं. जुन्या रेमिंग्टनवर एकचा आकडाच नसतो. एक लिहायचा तर इंग्रजी लहान एल दाबायचा. आईनं पहिल्या दिवशी तेच शिकवलं होतं, आणि आईच्या मुली संगणकावर आल्या तरी एकला एलच दाबत. तार्तूला पहिल्याच आठवड्यात या सवयीपायी शांभवीचा सगळा प्रोग्राम कोसळला होता. वर्ग हसला होता. त्यानंतर ती खोड तिनं आठ दिवसांत बोटांतून उपटून काढली होती.

तिनं एकच्या जागी एल दाबले. यंत्रानं आत घेतलं, आणि रिवाजाप्रमाणे एक ओळ दाखवली.

याआधीचं लॉगिन: रविवार, दुपारी ४ ते ४.५८, दुसरा पडदा.

खाली गल्लीतून भाजीवाला ओरडत गेला. शांभवीनं ती ओळ तीनदा वाचली. रविवारी दुपारी चार वाजता ती कावेरीच्या पायरीवर ओल्या पदरानं बसली होती.

४

घड्याळ. दुसरं काय असणार? यंत्राच्या पोटात नाण्याएवढी बॅटरी असते. ती मेली की वेळ भरकटते. तिनं दुपारी जेवणाआधी यंत्राची वायर भिंतीतून काढली, पेटी उघडली, बॅटरी काढून पर्समध्ये टाकली, आणि साडेतीनला जुन्या बसस्टँडजवळ मणीच्या दुकानात गेली. ही सगळी यंत्रं त्यानंच बसवलेली.

"आमच्या सहाव्या यंत्रावर माझ्या नावाचं खातं कुणी काढलं?"

"विनुता टीचरनीं सांगितलें, मीं काढलें," मणी म्हणाला. "तूं गेलीस त्याच महिन्यांत. त्या म्हणाल्या, जागा मोडायची नाहीं."

"पासवर्ड कुणाला माहीत आहे?"

"त्यांना होता." बॅटरी देता देता त्यानं मान तिरकी केली. "आणि तुला."

नवी बॅटरी घेऊन ती परतली तेव्हा पाच वाजून गेले होते. पेटी टेबलावर तशीच उघडी पडली होती, वायर जमिनीवर गुंडाळलेली. तिनं बॅटरी बसवली, पेटी मिटली. यंत्र मात्र मंगळवारी सकाळी चालू केलं.

याआधीचं लॉगिन: सोमवार, दुपारी ४ ते ४.५८, दुसरा पडदा. मधे तिनं स्वतः सकाळी केलेलं लॉगिन कुठंच नव्हतं, जणू ते धरलंच नव्हतं.

तरी शिकलेलं डोकं चालूच होतं. फाइल बिघडली असेल. मणीनं काहीतरी लावून ठेवलं असेल, ठरल्या वेळी आपोआप चालणारं. असं काही लावणं पाच मिनिटांचं काम आहे. पण वायर नसलेल्या, पोट उघडं टाकलेल्या यंत्रावर ते चालणार कसं, हा प्रश्न तिनं बाजूला सारला आणि जुन्या लॉगिनांची सगळी यादी मागवली.

शांभवी, दुसरा पडदा, चार ते चार अठ्ठावन्न. शांभवी, दुसरा पडदा, चार ते चार अठ्ठावन्न. पडदा भरला, सरकला, पुन्हा भरला. दिवाळी, पोंगल, पावसानं गल्ली बुडाली तो आठवडा. सहा वर्षं. खाडा नाही.

नाही, एक होता. दोन वर्षांपूर्वी सलग चोवीस दिवस ओळच नव्हती. तिनं तारखा पाहिल्या आणि हात मांडीवर घेतले.

अकरा दिवस दवाखान्याचे, आणि तेरा सुतकाचे.

५

हजेरीबुक ऑफिसच्या कपाटात होतं. चारची बॅच, सातवी ओळ: व्ही. शांभवी. आईच्या तिरप्या अक्षरात रोजचा हजर. आई गेल्यानंतरच्या पानांवर तोच हजर, अक्षर धनाक्काचं.

शांभवीनं दोन वर्षांपूर्वीचं पान उघडलं. त्या अकरा दिवसांत इन्स्टिट्यूट बंद नव्हतं, परीक्षा तोंडावर होती. बाकीच्या मुली हजर होत्या. सातव्या ओळीत अकरा वेळा गैरहजर.

तिनं पुस्तक धनाक्कापुढे ठेवलं. "हे काय आहे?"

धनाक्का रेमिंग्टनची फीत बदलत होती. बोटं काळी झाली होती. "हजेरी."

"मी इथं नव्हते, अक्का. सहा वर्षं नव्हते. रोज हजर कसं लिहिलंस?"

"टीचर लिहीत होत्या. मी पुढें चालविलें."

"मग हे अकरा दिवस गैरहजर का?"

"नव्हती म्हणून." धनाक्कानं वर पाहिलं नाही. "टीचरांच्या उशाशीं होती. अर्ज द्यायला सुचलें नसेल. अर्ज नाहीं तर गैरहजर. नियम म्हणजे नियम, तूंच सांग."

"कोण होती?"

फीत चाकावरून निसटली. धनाक्कानं ती पुन्हा शांतपणे गुंडाळायला घेतली. "तुला म्हटलें होतें, सहाव्याला हात लावूं नको. मी चारच्या बॅचला त्या कोपऱ्याकडे पाहत नाहीं. चाव्या वाजतात त्या ऐकतें. हात चांगला आहे तिचा. तुझ्यापेक्षां चांगला." मग थांबून, जरा मऊ होऊन म्हणाली, "तूं थकली आहेस गे. जा, खालीं निज."

६

अप्पा मागच्या अंगणात लिंबाला पाणी घालत होते. शांभवी पायरीवर बसली.

"अप्पा, आईच्या शेवटच्या दिवशी काय झालं?"

"काय व्हायचें? तूं होतीस कीं."

"मी नव्हते, अप्पा."

ते वळले. हातातल्या तांब्यातून पाण्याची धार मातीत पडत राहिली. "रात्रभर तूं पाय चेपलेस तिचे. पहांटे पाणी मागितलें. तूं चमच्यानें पाजलेंस, तीन चमचे. चौथा गळ्यांत उतरला नाहीं. तूं पदरानें पुसलेंस." ते जसं दिसलं तसंच सांगत होते, आठवायला कष्ट पडत नव्हते. "तूं रडली नाहींस. म्हणालीस, अप्पा, अत्तां हात धरा. म्हणून मीं धरला. नाहींतर मी बाहेरच उभा होतों, भ्यालेला."

म्हातारपण असं असतं, शांभवी स्वतःला सांगत होती. सहन न होणारी पोकळी मन भरून काढतं. उद्या डॉक्टरांना दाखवू. पण मनातलं दुसरंच कुणीतरी हळूच विचारत होतं, की तीन चमचे पाणी कुणी पाजलं? कुणीतरी तर पाजलं असणार. आणि ज्या कुणी पाजलं तिचे उपकार मानायचे, की तिला हाकलायचं?

अप्पा तिच्याकडे पाहत होते. "केंस कधीं कापलेस?" त्यांनी विचारलं. "सकाळीं तर वेणी होती."

७

बुधवारी चारला पाच मिनिटं असताना ती सहाव्या यंत्रापुढे जाऊन बसली. समोरच्या भिंतीला चारच्या बॅचच्या सहा मुली रेमिंग्टनवर बसल्या. नवशिक्या दोघींच्या हातांवर धनाक्कानं पांढरं फडकं टाकलं, चाव्यांकडे बघू नये म्हणून. मग हजेरी. धनाक्का नावं घेत गेली. सहावं झालं. सातवं नाव तिनं घेतलं नाही, फक्त कोपऱ्याकडे पाठ करून पेन टेकवलं.

टपटप सुरू झाली. खिडकीतून ऊन तिरपं आलं होतं. खाली टाउन बस भोंगा वाजवत वळली. इतकी साधी दुपार.

शांभवीनं यंत्राला विचारलं, आत्ता इथं कोण बसलंय?

उत्तर दोन ओळींचं आलं. शांभवी, पहिला पडदा. शांभवी, दुसरा पडदा.

नुसत्या अक्षरांवर चालणाऱ्या यंत्रात एकामागे एक असे अनेक पडदे असतात. तीन चाव्या एकदम दाबल्या की मागचा पुढे येतो. रंगीत चित्रांच्या दिवसांत हे मागचे पडदे कुणाला दिसत नसत. ते असतात हेही कुणाला ठाऊक नसे. चित्र तिनंच उतरवलं होतं. तिनं तीन चाव्या दाबल्या.

दुसऱ्या पडद्यावर पहिला धडा टाइप होत होता. ए एस डी एफ, ओळीमागून ओळ, एका लयीत. एक चूक नाही. शांभवीचे हात मांडीवर होते. समोरच्या की-बोर्डावरच्या चाव्या हलत नव्हत्या, पण त्यांचा आवाज येत होता. कुठून, ते तिला सांगता आलं नसतं. फार जवळून येत होता, एवढंच.

मग लय थांबली. पडद्यावर जराशी जागा सुटली, आणि नवं अक्षर उमटू लागलं. इंग्रजी रजेचा अर्ज, इन्स्टिट्यूटच्या ठरल्या नमुन्यातला. वर तारीख. तारखेतला एक म्हणजे लहान एल.

माननीय मॅनेजर मॅडम यांस. मी चारच्या बॅचची विद्यार्थिनी. ज्यांची जागा मी सांभाळत होते त्या घरी परत आल्या आहेत. तरी मला आजपासून कायमची रजा मिळावी ही विनंती. आपली आज्ञाधारक, व्ही. शांभवी.

खाली नमुन्याप्रमाणे एक ओळ: मंजूर की नामंजूर. त्यापुढे पांढरी रेघ उघडमीट करत राहिली.

खरं सांगायचं तर शांभवीच्या भीतीत एक आशाही होती. फळकुटावरची दुसरी जागा, अप्पांच्या डोळ्यांतली ओळख, घरातलं तिचं घरपण, सगळं त्या एका ओळीपलीकडे होतं. ती काही चोरत नव्हती. जागा तिचीच होती. पलीकडची स्वतःच ती द्यायला निघाली होती, काही कुरकूर न करता, नियमानं अर्ज करून.

तिनं हात उचलले आणि 'मंजूर' असं टाइप केलं. एंटर दाबायचं राहिलं.

टपटप एकदम बंद पडली. मुलींनी हात थांबवले होते, का ते त्यांनाही कळलं नसावं. दारात अप्पा उभे होते. हातात कॉफीचा एक तंबळर, पितळी पेला वाटीत उभा. रोज चार वाजून गेल्यावर ते एक घेऊन वर येतात हे शांभवीला ठाऊक होतं. कुणासाठी, हे तिनं विचारलं नव्हतं.

ते कोपऱ्यापर्यंत आले. खुर्चीत बसलेल्या तिच्याकडे त्यांनी पाहिलं, आदरानं, जरा संकोचून. आणि ते तमिळमध्ये बोलले. बाहेरच्या माणसांशी ते बोलत तसं.

"या, अम्मा. अॅडमिशनला आलात का?"

जन्मापासून अप्पा तिच्याशी तमिळमध्ये बोलले नव्हते. रागावले तरी मराठीतच रागावत.

"इथं आमची मुलगी बसते," ते तमिळमध्येच पुढे म्हणाले. मग त्यांची नजर खुर्चीच्या आसपास फिरू लागली, खिडकीकडे, रेमिंग्टनांच्या रांगेकडे, पुन्हा खुर्चीकडे. तंबळर वाटीत वाजायला लागला. "शांभू?" हे मराठीत होतं. जत्रेत हात सुटलेल्या लेकरासारखा आवाज. "शांभू, कोठें गेलीस गे? आई गेली, अत्तां तूंही—"

धनाक्का भिंतीला टेकून उभी होती, पदर तोंडावर. तिनं शांभवीकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. नुसती विनवणी होती.

शांभवीनं पडद्याकडे पाहिलं. मंजूर. तिनं ती अक्षरं एकेक करून पुसली. इंग्रजीतली सात अक्षरं, सात वेळा तीच चावी. मग लिहिलं, नामंजूर. एंटर दाबलं आणि खुर्चीतून उठून बाजूला झाली.

रेघ थोडा वेळ उघडमीट करत राहिली. मग ए एस डी एफ. एका लयीत.

ऊन काचेवर आलं होतं. काळ्या पडद्यात खोली उलटी दिसत होती. खिडकी, अप्पांचा खांदा, भिंतीशी शांभवी. आणि सगळ्यांत पुढे मान ताठ ठेवून बसलेलं कुणीतरी. खांद्यावरून पुढे आलेली वेणी, वेणीत अबोली. चेहऱ्यावर अक्षरं सरकत होती म्हणून चेहरा दिसला नाही. हात दिसले. आईनं शिकवलं तसे मनगट उचललेले. मग ढग आला असावा, काचेतली खोली विझली.

"आहेस होय," अप्पा म्हणाले. त्यांनी तंबळर सहाव्या यंत्राशेजारी ठेवला. "घे. निवून जाईल."

जाता जाता ते शांभवीपाशी थांबले. "ऑफिस सकाळी नऊला उघडतं, अम्मा," ते तमिळमध्ये म्हणाले. "फॉर्म देतो."

८

सकाळी तिच्यापुढे सोपे रस्ते पुष्कळ होते. सहावं यंत्र एका ओळीत पुन्हा रंगीत करता आलं असतं, म्हणजे मागचे पडदे मागेच राहिले असते. खातं पुसून टाकता आलं असतं. अप्पांना डॉक्टरांकडे नेता आलं असतं. तार्तूला तिची नोकरीची जागा अजून रिकामी होती, तिथल्या वरिष्ठ बाईंचं पत्र आलेलं होतं. तिनं सगळ्यांचा विचार केला, दात घासता घासता, शांतपणे.

पायरीवर बूट होते. फळकुटावरच्या जोडीला तिनं हात लावला नाही.

नऊ वाजता ती ऑफिसच्या दारात उभी राहिली. अप्पांनी मान वर केली. टेबलाखालून प्रवेशाचा फॉर्म काढला, रेमिंग्टनमध्ये चढवला. नाव-तारीख ते स्वतः विचारून टाइप करत, जुनी पद्धत.

"नाव?" तमिळमध्ये.

"शांभवी."

त्यांची बोटं थांबली. चेहऱ्यावर हसू आलं. "आमच्या मुलीचंही हेच. चारच्या बॅचला आहे. फार गुणी. तिनंच आईचं सगळं केलं."

"माहीत आहे," शांभवी म्हणाली. "मला सकाळची बॅच द्या. नऊची."

"मशीन की कॉम्प्युटर?"

"मशीन. पहिल्या धड्यापासून."

अप्पांनी तेही टाइप केलं. मग खुर्ची दाखवली, आणि ती बसल्यावर कपाटातून एक पांढरं फडकं काढून तिच्या दोन्ही हातांवर हलकेच पसरलं.